माझ्या रडण्याचं गाणं

दवनीवाडा, बुधवार, दिवेलागण

मी सांगून राहिली, नात लिहून राहिली. नेहा, एक अक्षर गाळू नको. तक्रार तुझ्याबद्दलच आहे.

आज हिनं आपल्या ग्रुपचं जुनं इलेक्ट्रॉनिक संगीत मोबाइलवर ऐकवलं. कॉम्प्युटरवरचे पहिलेवहिले प्रयोग म्हणे. राइस मिलला खोकला लागल्यासारखं वाजत होतं. मी हसून राहिली. मग त्या धडधडीत एक बाई हेल काढून रडू लागली. ती मीच! आमच्या ह्यांची तिरडी अंगणातून उचलली, तेव्हाची. नवऱ्याशी शेवटचं भांडण बाई त्या हेलातच करते. ते का लोकांना नाचायला असतं?

तेव्हा हीच जवळ बसली होती. एक हात माझ्या पाठीवर, दुसऱ्यात मोबाइल. मला पाठीवरचाच कळला.

"काऊन केलं वं असं?"

"आजी, तसा आवाज कुठंच मिळत नव्हता."

मिळेल कसा? त्यासाठी नवरा मरावा लागतो.

"पुसून टाकू का?" आता तीच रडून राहिली.

नको पुसू. त्यात मी ह्यांना नावानं हाक मारली आहे, जन्मात एकदाच. पण तुझ्यासमोर मी आता कधी रडणार नाही. हे मोठ्या अक्षरात लिही.