शब्दाला जागणारी माणसं

रविवार, १० नोव्हेंबर

आलो एकदाचे! नाशिक ते हावडा या प्रवासात नूपुरनं डब्यातल्या सगळ्या आज्यांना खिशात टाकलं आणि आम्ही दोघींनी मिळून इतके लाडू खाल्ले, की दिवाळी गाडीतच संपली. श्रीकांत बँकेच्या बदलीवर जूनपासून इथे एकटा राहतोय. सॉल्ट लेकमधलं क्वार्टर त्यानं 'लावून' ठेवलंय म्हणे. लावून म्हणजे गॅस, गाद्या आणि नूडल्सची पाकिटं. पण गॅलरी सुंदर आहे. खालून मासेवाला ओरडत जातो आणि नूपुर त्याची नक्कल करते. आठ वर्षांची पोर, आठवड्यात बंगाली बोलायला लागेल.

आणि मला येण्याआधीच नोकरी लागलीय! मराठी दुभाषी. कोलकात्यात मराठी दुभाषी कोणाला लागते, असं सासूबाईंनी विचारलं होतं. सरकारला, म्हटलं. श्रीकांत म्हणाला, की हा तोंडाचा पट्टा आजवर आम्ही फुकट ऐकला, आता सरकार पैसे देऊन ऐकणार. बोलू दे त्याला. मला फार छान वाटतंय.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पहिला दिवस. सेक्टर फाइव्हमधली काचेची इमारत, वर पाटी 'परिवर्तन वाहिनी'. पकडलेल्या गुन्हेगारांसमोर इथे दोन वाटा ठेवतात, कोठडी किंवा वर्दी. वर्दी घेतली की बराकपूरच्या पलीकडच्या तळावर प्रशिक्षण आणि मग सरकारच्या फौजेत भरती. भरती कोण करतं, तर ज्यांच्या नावानं माझ्या लहानपणी पेपरची पहिली पानं भरायची ते सुपरव्हिलन! सुधारलेले. चोरालाच चोराच्या वाटा ठाऊक, असा हिशोब असावा.

श्यामसुंदरबाबू त्यातले मोठे. एके काळी हा माणूस नुसता बोलायचा आणि ऐकणारे तसं वागायचे. खिदिरपूरच्या गोदीत त्यानं एकदा 'चला' म्हटलं आणि कामगारांची अख्खी पाळी त्याच्यामागून पाण्यात उतरली, पोहता न येणारे सुद्धा. आता सत्तरीचा, माकडटोपीवाला आजोबा झालाय. मला 'मा' म्हणून हाक मारतो, इथे लेकीच्या वयाच्या बाईला तसंच म्हणतात. नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचा संदेश खायला घातला, इथली मिठाई. दुसऱ्या कादंबरीदी. या भिंतीतून आरपार जायच्या आणि तिजोऱ्या रिकाम्या करायच्या. आता मुद्दाम दारावर टकटक करून आत येतात, सुधारल्याचा पुरावा म्हणून. दोघांच्याही शक्ती औषधानं उतरवल्यात, असं मला नोकरीवर घेणाऱ्या साहेबांनी सांगितलं.

इथला एक नियम मला आवडला. कैद्यानं होकार आपल्या मातृभाषेतच द्यायचा. म्हणून ओडिया, तेलुगू, मराठी असे आम्ही दुभाषी.

निघताना सवयीनं 'येते हं' म्हणाले. श्यामसुंदरबाबूंनी अर्थ विचारला. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ असतं, असं सांगितल्यावर म्हातारा हरखलाच. बंगालीतही तेच, 'आशी' म्हणतात. हात वर करून म्हणाला, ये मा, ये. गोड माणूस आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज माझा पहिला मराठी कैदी. वसंत भाटकर, दापोलीकडचा, जहाजावरचा खलाशी. सोन्याची बिस्किटं घेऊन गोदीत सापडला. मराठी ऐकून माणूस विरघळलाच. ताई, तुम्ही हितं कुठं, असं विचारून डोळे पुसले.

श्यामसुंदरबाबूंनी विचारलं, मी मराठीत सांगितलं, वर्दी घेणार का? वसंतला घ्यायची नव्हती, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. पण समोर वडीलधारा माणूस, तोंडावर नाही कसं म्हणायचं? मान खाजवत म्हणाला, "बघू."

आता मराठी माणसाचं 'बघू' म्हणजे सभ्य नकार, हे शेंबडं पोरही सांगेल. मला ते समजावून सांगायला हवं होतं. पण जेवणाची वेळ झालेली, मी फटकन 'देखेंगे' सांगून मोकळी झाले. बाबू वसंतकडे बघून हसले. म्हणाले, देखो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

वसंतचे डोळे मिटत नाहीत.

सोमवारपासून. कादंबरीदींनी मला त्याच्या खोलीपाशी नेलं, कारण तो काय ओरडतो ते त्यांना कळत नव्हतं. झोप येते पण पापणी पडत नाही. पट्टी बांधली तर ती फाडतो, कारण त्याला बघायचंच असतं, नाही बघितलं तर डोकं फुटतं. डोळे लालभडक झालेत. माझ्याकडे बघत होता. तसा तो सगळ्याकडेच बघत होता.

मी तडक श्यामसुंदरबाबूंना विचारायला गेले. त्यांनी लपवलं नाही. औषधबिवध काही नसतं, म्हणाले. पूर्वी मी माझे शब्द लोकांवर लादायचो, ते पाप होतं. आता मी फक्त समोर बसतो आणि माणसाला त्याचाच शब्द पाळायला लावतो. यालाच सुधारणं म्हणतात, मा. मातृभाषाच का लागते, तर शिकलेल्या भाषेतला शब्द वरवरचा असतो, आईच्या भाषेतला शब्द हाडात जातो.

सरकारला ठाऊक आहे का? आहे. म्हणून तर फौज उभी राहतेय. एकदा 'लढेन' म्हटलेला माणूस पाय तुटला तरी लढतो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी नोकरी सोडणार.

रविवार, २४ नोव्हेंबर

काल राजीनामा टेबलावर ठेवला आणि शब्दही न बोलता बाहेर पडले. आज सुट्टी. सकाळी बाजारात पडवळ घेत होते. पडवळ हातात तसंच राहिलं आणि मी चालायला लागले. वळायचं ठरवलं तरी पाय ऐकेनात. रिक्षावाला ओरडला, एक सायकल अंगावर आली. थांबले ती वाहिनीच्या दारात. कादंबरीदींनी चहा दिला. पडवळाकडे बघून, रोज भाजी आणत जाऊ नकोस, म्हणाल्या.

'येते.' मी म्हटलं होतं ना, येते. एकदा नाही, रोज. श्यामसुंदरबाबूंच्या तोंडावर.

श्रीकांतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या मनानं घेतलंय. तरी दुपारी आम्हा दोघींना घेऊन हावड्याला आला, नाशिकच्या गाडीत बसवायला. माझा हात घट्ट धरून ठेवला होता. गाडी हलली आणि मी त्याच हाताला चावून खाली उडी मारली. नूपुर खिडकीतून आई आई करत होती. त्यानं साखळी ओढून तिला उतरवलं.

आता त्याला पटलंय, की मला काहीतरी झालंय. हाताला पट्टी बांधून बसलाय आणि माझ्याशी हळू आवाजात बोलतो, आजारी माणसाशी बोलावं तसं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

बाबूंच्या पाया पडले, मला मोकळं करा म्हटलं. म्हणाले, माझ्या हातात काय आहे? शब्द तुझा. तूच मोडू शकतेस, त्याच्या उलटा शब्द उच्चारून.

म्हणजे 'जाते' म्हणायचं. इतकं सोपं! घरातून बाहेर पडताना हा शब्द जिभेवर आला तरी आई पाठीत धपाटा घालायची. पण इथे कोण आई बसलीय? म्हणणारच होते.

तेवढ्यात वसंतला आणलं, पुन्हा विचारायला. तो आता भिंतीशीसुद्धा बोलतो. वर्दी घेतोस का, मी विचारलं. मलाच विचारावं लागतं. त्यानं त्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नको ताई. मी जातो आता."

आणि गेला. खुर्चीतल्या खुर्चीत. शेवटी डोळे मिटले.

मराठीत गेला म्हणजे दोन्ही. बाबूंना मी अर्थ सांगितला तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. टोपी काढून बसले. आमच्या बंगालीतही तसंच आहे, म्हणाले, आई मला कधी 'जाई' म्हणू द्यायची नाही.

तीही वाट बंद.

शनिवार, ३० नोव्हेंबर

पुढच्या आठवड्यात मराठी कैद्यांची मोठी तुकडी येतेय. चाळीसेक माणसं. सगळ्यांना मीच विचारायचं. सगळे 'बघू' म्हणतील, 'करतो' म्हणतील, 'जीव देईन पण' असलं काहीतरी म्हणतील. आपली भाषा किती भयंकर आहे हे मला ठाऊक नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बाबू आज सहज म्हणाले, तुझं लक्ष सारखं घराकडे असतं. मुलीला तळावर का आणत नाहीस, तिथे शाळा आहे, आईजवळ राहील. शिवाय लहान मुलं शब्दाची फार पक्की असतात.

हसत म्हणाले.

घरी आल्यापासून नूपुरशी मराठीत बोलत नाही. फक्त हिंदी. श्रीकांतलाही बजावलंय. मराठी तिच्या हाडातून निघाली तर तिला कोणी धरू शकणार नाही. तिनं विचारलं, आई, तू अशी परक्यासारखी का बोलतेस? मी हिंदीतच सांगितलं, की हा खेळ आहे. कोणी काहीही विचारलं तरी हिंदीतच उत्तर द्यायचं. ती रडली. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

जिच्या जिभेवर मीच अक्षर अक्षर ठेवलं, तिच्या जिभेवरून आता —

सोमवार, २ डिसेंबर

जमलं! मला जमलं!

तुकडी आली. पहिला पोरगा समोर बसवला, विशीतला, नागपूरचा. बाबूंनी प्रश्न दिला. मी प्रश्न विचारलाच नाही. बाबूंच्या डोळ्यांत बघून, माझ्या आईच्या मराठीत, ठासून म्हणाले: "मी आता या खुर्चीतून हलणार नाही आणि चकार शब्द काढणार नाही."

काढताच येत नाहीये! तोंड उघडतं, आवाज नाही. पाय जागचे हलत नाहीत. म्हाताऱ्याच्याच काठीनं म्हाताऱ्याला हाणलं. बसा आता बोंबलत. दुसरा मराठी दुभाषी या शहरात सरकारी कामाला सापडेपर्यंत चाळीस जण सुरक्षित. बाबूंना तोडकीमोडकी मराठी आली असेल माझ्याकडून, पण या माणसांची बोली त्यांच्या डोक्यावरून जाते.

हात चालतो. पर्समध्ये ही वही होती. लिहिलेलं त्यांना धरता येत नाही, फक्त बोललेलं.

बाबू रागावले नाहीत. तेवढं खटकतंय.

मंगळवार, ३ डिसेंबर

खुर्चीतच. कादंबरीदी चमच्यानं भात भरवतात. बाकीचं लिहवत नाही.

श्रीकांत फाटकापर्यंत आला होता. चिठ्ठी लिहून दिली कादंबरीदींकडे — नूपुरला घेऊन आत्ताच्या आत्ता निघ, माझी वाट बघू नकोस. दिली असेल का? कादंबरीदी भिंतीतून गेल्या आज. टकटक नाही केली.

बुधवार

चिठ्ठी पोचली नाही. मला कसं कळलं — श्रीकांत आलाय. नूपुरला घेऊन. काचेपलीकडच्या खोलीत. त्याला सांगितलंय, लेकीचा आवाज ऐकला तर बायकोची वाचा परत येईल. बिचारा. आशेनं आलाय. भांग पाडलाय नीट. त्याला बाहेर बसवलं. ती एकटीच आत.

समोर बाबू. संदेश देतायत तिला.

काचेतून आवाज येतो. थोडा.

म्हातारा मराठीत विचारतोय. माझीच मराठी, माझाच हेल. शाळा आवडली का. ती हिंदीत सांगतेय. शाब्बास. शाब्बास माझी बाय.

आईची आठवण येते? हिंदीत. हाँ.

पाठ आहे तिची माझ्याकडे. मला बघितलंच नाही तिनं अजून. पानावर मोठं लिहून धरलं, बोलू नकोस. पाठ आहे. ओरडतेय मी. तोंड नुसतं उघडतंय. कुणी मला सांगितलं होतं शहाणपण करायला — एक हाक हवी होती. एकच —

आईकडे राहायचं का, विचारतोय

ती गप्प. गप्पच राहा. हिंदी, बाळा. हिंदी

पाण्याची बाटली फेकली काचेवर. फुटली नाही काच. पण वळली ती. बघितलं. हसली —

मी रडतेय हे दिसलं तिला. नको. नको बघू. मी रडत नाहीये. पान धरते थांब — कादंबरीदी मध्ये

काचेला हात लावलाय तिनं. खेळ विसरली. आई म्हणाली. रडू नकोस ना आई म्हणाली

त्याच्याकडे वळली. बोट माझ्याकडे. मराठीत. ठणठणीत मराठीत सांगतेय त्याला, आजोबा मी आईला सोडून कुठ्ठे