एक्क्याऐंशी स्टाईली

प्रिय ठिपके,

करमतंय मला. न करमायला काय धाड भरलीय? पाट्यांचं दुकान आहे, कॉम्प्युटर आहे, समोरचा चष्मेवाला दिवसातून तीनदा डोकावतो, आणि खुर्ची आता मला हवी तेवढ्या उंचीवर राहते, तू येऊन खाली-वर करत नाहीस. तेव्हा तो विषय संपला. आणि पत्र कशाला, फोन का नाही, असंही म्हणू नकोस. फोनवर तू मध्येच रडतेस, मग मी ओरडते, आणि सांगायचं ते राहून जातं. कागद मध्ये बोलत नाही.

तर मुद्द्याचं. तुझ्या स्टाईली सापडल्या. एक्क्याऐंशीपैकी त्र्याहत्तर. आधी नाक पूस आणि मग पुढचं वाच.

तुझा बाप सांगत होता, तू तिकडे नव्या नोकरीत एकेक काम तीन-तीन जागी ठेवतेस, दर अर्ध्या तासाने उघडून बघतेस आहे ना म्हणून, आणि तिथले लोक तुला पहारेकरीण म्हणतात. का, तर आत्याच्या दुकानातला कॉम्प्युटर बिघडला आणि सहा वर्षांचं काम तुझ्या हलगर्जीपणाने गेलं. असं तूच ठरवलंस. मला फोनवर म्हणालीस, आत्या, मी कॉपी ठेवायला हवी होती, माझंच चुकलं. मी त्यावर काही बोलले नाही. हे पत्र लिहायला बसले ते त्या न बोलण्यापायी. पण ते नंतर. आधी कसं सापडलं ते ऐक.

गेल्या महिन्यात बेकरीवाला आला. त्याच्या पाटीचा कोपरा उचकटलाय. म्हणे, मावशी, तशीच पाटी हवी, फक्त हातभर मोठी. मी म्हटलं, तशी आता मिळायची नाही, करणारी गेली आणि तिने करून ठेवलेलंही गेलं. तर तो काउंटरवर कोपर टेकून म्हणतो कसा, बघा तरी, बघायला काय जातं? बेकरीवाला ना तो, ऊब लागल्याशिवाय काही फुगत नाही हे त्याला माहीत. हलेचना. त्याला घालवायला म्हणून मी त्याची जुनी फाइल उघडली. मला वाटलं, अक्षरं उघडीबोडकी निघणार. तर काय! सावली जागच्या जागी, दुहेरी लाल कड जागच्या जागी, वर ती ऑइलपेंटसारखी चकाकी. मी एवढ्या मोठ्याने हात्तिच्या म्हटलं की तो दचकून काउंटरवरून घसरला.

तू शिकवताना मी कधी नीट ऐकलं नाही, हे कबूल. अक्षराचा लेअर, म्हणजे थर, वेगळा, आणि त्याच्यावर चढवलेली सावली, कड, चकाकी वेगळी. त्या सगळ्याची मिळून एक स्टाईल. ती एकदा यादीत ठेवली की दुसऱ्या कुठल्याही पाटीवर एका टिचकीत चढते. एवढं माहीत होतं. पण यादी रिकामी झाली म्हणजे पाट्याही रिकाम्या झाल्या, असं मी धरून चालले. मूर्खासारखं. अगं, रंगाचा डबा फेकून दिला म्हणून भिंतीवरचा रंग उतरतो का? लेअरच्या नावाखाली सगळं लिहिलेलं होतं, ओळीने. डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली की जातं, परत मारली की येतं. मी ते दहा-बारा वेळा नुसतं घालवलं आणि आणलं. बेकरीवाला म्हणाला, मावशी, पाटी द्या, खेळता काय. त्याला मी पाव खायला पिटाळलं. त्याचाच.

मग बसले. तुझ्या जुन्या पाट्या एकामागून एक उघडायच्या, लेअर निवडायचा, स्टाईलींच्या खिडकीत रिकाम्या जागी टिचकी, नाव, ठेव. एकोणीस दिवस लागले. त्यात पहिले दोन दिवस मी टिचकी चुकीच्या जागी मारून भलतीच स्टाईल पाटीवर चढवत होते. दातांच्या डॉक्टरची पाटी मटणाच्या दुकानासारखी लालभडक झाली. परत फिरवता येतं म्हणून वाचले. आठ नाही मिळाल्या. त्यातल्या पाच ज्या पाट्यांवर होत्या त्या मीच पूर्वी सगळे लेअर एकत्र चिकटवून ठेवल्यात, फाइल जड होते म्हणून. तू तेव्हा कपाळाला हात लावला होतास. मी म्हटलं होतं, पाटी लावायचीय की लेअरांचं लोणचं घालायचंय? बरोबर तुझं होतं. तीन तर तू कुठल्याच पाटीवर कधी चढवल्या नसाव्यात, त्या गेल्या.

लेअरांना तू स्टाईलींचीच नावं दिलीस, त्यांवरून तुला एकदा धरायचंय मी. "आत्या रागावली", "आत्या फारच रागावली", "आत्या हिशोब विचारते". जाड कड, गडद सावली! आणि "आत्या खूश" एकाच फाइलीत सापडली, आइस्क्रीमवाल्याच्या. सहा वर्षांत एकदा. बरं आहे. नावं मी तीच ठेवलीत, कारण दुसरी सुचेनात.

फोल्डर मात्र मी माझ्या डोक्याने पाडले, गिऱ्हाइकाच्या नावाने. दोन दिवसांत पंचाईत झाली. नवा न्हावी आला, त्याला बेकरीसारखी कड हवी. आता ती मी बेकरीत शोधू की न्हाव्यात? मग परत तुझ्यासारखं लावलं. उन्हातल्या पाट्या, सावलीतल्या पाट्या, लांबून वाचायच्या, जवळून वाचायच्या. मला हा सगळा नखरा वाटायचा. तो नखरा नव्हता.

आणि एक दिसलं. एकेक स्टाईल उघडून आकडे बघत होते. सावली सगळ्यांत डावीकडून उजवीकडे, खाली. कडा कुठेच पसरट नाहीत, सगळ्या कापल्यासारख्या. चकाकी फक्त वरच्या तिसऱ्या भागात. हे मी करायचे. ब्रशने, शिडीवर चढून, हात थरथरायला लागायच्या आधी. तू लहान असताना खाली उभी राहून रंगाचे थेंब अंगावर घ्यायचीस, म्हणून तर ठिपकी. मला वाटायचं पोर वेळ घालवतेय. तू बघत होतीस. सगळं मोजून त्या यंत्रात ठेवलंस आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस.

त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर मी एका फाइलीत बांधून पेनड्राइव्हवर घातल्या आहेत. याच पाकिटात आहे, नीट फोड.

आता ते न बोलण्याचं. कॉम्प्युटर बिघडला नव्हता. तू निघताना, पिशवी खांद्याला लावून, म्हणालीस, आत्या, सगळं नीट लावून ठेवलंय, आता तुला माझी गरज पडणार नाही. हसून म्हणालीस. मी तुला गाडीत बसवलं, परत आले, दुकान उघडलं, आणि स्टाईलींचे अकराच्या अकरा फोल्डर एकेक करून काढून टाकले. प्रत्येक वेळी ते यंत्र विचारत होतं, नक्की काढायचं का. अकरा वेळा विचारलं. अकरा वेळा मी हो म्हटलं. आणि मग तुला सांगितलं, आपोआप गेलं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि स्वतःवरचा उडवलास. तेव्हा तुझं काही चुकलेलं नाही, कॉपी न ठेवणंसुद्धा नाही. तीन जागी ठेवणं बंद कर, एका जागी पुरे. तिथल्या लोकांना सांग, आत्याने पुसलं होतं. मी का पुसलं हे तुला कळलं असेल तर कळलं, नसेल तर राहू दे. याच्यावर मी आणखी एक अक्षर बोलणार नाही.

तुझीच,
आत्या