उजवीकडचं हाड

प्रिय ओडेरा,

तुला फोन केला की सूनबाई उचलते आणि तू ऑपरेशनमध्ये आहेस म्हणून सांगते. बिचारीला खोटं बोलता येत नाही, आवाज कापतो तिचा. म्हणून हे पत्र. इकडे सगळं ठीक. शेळी व्यायली, दोन्ही पिल्लं धडधाकट आहेत. शेजारची आपोंडी बाजारातून येताना अजून माझ्याच दारात बसते आणि गावभरच्या सुनांची उणीदुणी काढते.

ईस्टरला तू आलास, माझ्या तोंडात बॅटरी धरलीस, उजवीकडची हिरडी दाबलीस आणि बोटाला पू लागला. तुझा चेहरा असा उतरला की काय सांगू! ताटातला मासा तसाच टाकून निघालास. त्यानंतर नाताळ आला नि गेला, तू काही फिरकला नाहीस.

आमच्या लोकांत आमच्या वेळी खालचे पुढचे सहा दात काढल्याशिवाय पोर मोठी झाली असं कुणी मानत नसे. मी रडले नाही म्हणून आजीनं कोंबडी कापली होती. पुढे अख्खा जन्म मी त्याच तोंडानं जेवले, गायले, तुझ्या बाबांशी कडाकडा भांडले. तुझं लक्ष मात्र हसताना तोंडावर जाणाऱ्या माझ्या हातावर. अरे, ती लाज नव्हती रे! सासूसमोर तोंड उघडून हसायचं नाही, एवढीच ती सवय. सासू गेली, सवय राहिली. तुझं लग्न ठरलं तेव्हा तू म्हणालास, आई, तुला दात बसवतो, आता मोकळी हस. मला वाटलं, न्येरीकडे असे दात काढत नाहीत, तिथल्या व्याह्यांपुढे पोराला माझ्या तोंडाची लाज वाटतेय. मी हो म्हटलं. तुला वाटलं मला हवेत, मला वाटलं तुला हवेत. एकानं तोंड उघडून विचारलं असतं तर! जीव तुटतो माझा त्या गोष्टीनं.

तू किती मनापासून केलंस ते मी पाहिलंय. लहानपणीच दात गेल्यामुळे तिथलं हाड पातळ राहिलं होतं. उजवीकडे जरा बरं होतं, तिथे नवे दात धरायला तू हाडात जाड स्क्रू बसवलेस. डावीकडे बारीक बसवावे लागले. या बारीक स्क्रूंचा मला भरवसा नाही, असं तूच कुरकुरत होतास. आपोंडी म्हणाली होती, बाई गं, तुझ्या तोंडात नैरोबी शिरलं, आता आमच्याशी कशाला बोलशील! भाजलेलं कणीस तिच्यासमोर करकरून खाल्लं, तेव्हा कुठे गप्प बसली.

मागच्या महिन्यात मी किसुमूला दातांच्या डॉक्टर नेकेसाकडे गेले. तिनं हाडाचा फोटो काढला. झालं होतं उलटंच. जाड स्क्रूंभोवतीचं हाड झिजून खड्डे पडलेत, ते काढावेच लागतील, म्हणाली. बारीक मात्र ठणठणीत, मी मरेपर्यंत टिकतील. मावशी, मीही उजवीकडे जाडच बसवले असते, असंही म्हणाली. ते तुला मुद्दाम कळवतेय. मी म्हटलं, सगळेच काढ. ती भडकलीच, मावशी, डोकं फिरलंय का, चांगले दात कुणी काढतं? तिला काय सांगू? डावीकडचे राहिले असते, तर तू येऊन माझ्याशी बोलायचं सोडून त्यांच्याकडेच बघत बसला असतास आणि उजवीकडचं आठवून परत पळाला असतास. दातांशिवाय मी म्हातारी झाले रे, त्यात काही विशेष नाही. तुझ्याशिवायचा तो एक नाताळ मात्र मला झेपला नाही. शेवटी माझ्या हट्टापुढे तिनं सगळे काढले, काल टाकेही निघाले. आता या तोंडात तुझ्या हातचं काही उरलं नाही. बघायला भिऊ नकोस. घरी ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई