पंपघरामागची कुंडी

४ एप्रिल

साहेबांनी आज संशोधन केंद्रात सगळ्यांसमोर सांगितलं — कायमची जागा एकच. मी किंवा ती. पुढच्या उन्हाळ्यात दोघींचे वाफे बघून ठरवणार. बारा वर्षं हंगामी म्हणून राबले आणि आता समोर कोण? कालची साखरबाई! (नाव मीच ठेवलंय. तोंडात सदा साखर.) मीटिंग संपल्यावर म्हणते, "ताई, जे काही येतंय ते तुमच्याकडूनच शिकलेय." शिक बाई, शिक.

१९ एप्रिल

पेरणी झाली. माझ्या वाफ्यात नेहमीप्रमाणे तिन्हीकडची रानभांग. नदीकाठची तिच्या मूळ जागी दोन पुरुष उंच होते, फुलायची घाई नाही. माळावरची खरखरीत, पानं अरुंद. उंच खिंडीतली गुडघ्याएवढी, बर्फ पडायच्या आत उरकायचं म्हणून घाईघाईने फुलते. सगळी एका मातीत लावली की कळतं — हवेने काय दिलं आणि बीजातच काय होतं. खिंडीतली इथे कंबरेला लागते, म्हणजे उंची थोडी हवेची. पण तिचा जांभळा देठ? कुठेही लावा, जांभळाच! हे मी शोधलं. शोधनिबंध माझा. साहेब अजून पाहुण्यांना तो दाखवतात.

साखरबाईकडे फक्त नदीकाठची. शुद्ध जात राखणार म्हणे! ह्यांना घरी सगळं सांगितलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "गवतासाठी भांडताय होय?" नशीब माझं.

२ जुलै

साखरबाईने आजूबाजूची सगळी रानभांग उपटून काढली. माझ्या वाफ्यातली झाडं तर पिशव्यांत बांधलेली असतातच. म्हणून झाडांना पिशव्या बांधणार नाही म्हणे. "बाहेरचा पराग येणार कुठून, ताई?" मी म्हटलं, "खरंच की!"

५ जुलै

एका कुंडीत खिंडीतलं बी टाकलं. मुद्दाम उशिरा — म्हणजे तिची मादी झाडं फुलतील तेव्हाच माझी नर झाडं फुलतील. कुंडी पंपघरामागे ठेवली. तिकडे कुत्रंही फिरकत नाही. दुपारचा वारा तिथूनच तिच्या वाफ्यांवर जातो. पुढच्या वर्षी तिच्या शुद्ध जातीत ठेंगू, अर्धवट, लवकर फुललेली पिलावळ उगवेल. रस्त्याकडच्या रानातून पराग आला म्हणतील. बाईला साधी राखण जमत नाही म्हणतील.

आणि देठाचा रंग? तो संकरात दबून जाईल. खात्री आहे.

३० ऑगस्ट

महिनाभर पावसाचा थेंब नाही, ऊन रणरणतंय. सारखं पंपघरामागे गेले तर कोणाच्या तरी डोळ्यावर येईल, म्हणून गेलेच नव्हते. आज धीर करून डोकावले — वाटलं, वाळून गेली असेल. कुठलं काय! टवटवीत! खिंडीतली जात, वारा आणि दगड खाऊन वाढलेली. अशी चिवट असते. ऊर भरून आला.

१६ सप्टेंबर

नर फुलले. फांदी हलवली की पिवळा धूर. साखरबाई लांबून हात हलवत होती. मीही हलवला.

८ ऑक्टोबर

कुंडीतली झाडं उपटून जाळली. साखरबाईने बी गोळा केलं. बरणीवर लिहिलंय — शुद्ध. हसू आवरेना, मोरीत जाऊन हसले.

२२ मे

तिची रोपं वर आली. ठरल्याप्रमाणे सगळी उंचसखल. पण देठ जांभळे. एक नाही, दोन नाही, जिकडेतिकडे जांभळे! दबला नाही रंग. असला देठ फक्त खिंडीतल्या जातीत असतो — हे मीच लिहिलंय. आणि या केंद्रात खिंडीतलं बी फक्त माझ्या कपाटात आहे.

घरी आले. ह्यांच्यावर उगाच खेकसले.

१४ जून

साहेब वाफ्यावर आले. सगळे जमले होते. साखरबाई मला विचारते, अगदी मऊ आवाजात — "ताई, तुम्हीच सांगा. हा रंग हवेने येतो की बीजातून?"

बीजातून म्हटलं तर मी चोर. हवेने म्हटलं तर माझी बारा वर्षं मातीत.

मी म्हटलं, "यंदा मे महिन्यात रात्री गार होत्या. थंडीने देठ जांभळा पडतो."

साहेब म्हणाले, "अहो, तुमचा निबंध तर नेमकं उलटं सांगतो."

"निबंध चुकला असेल."

म्हटलं मी हे. माझ्या तोंडाने!

तेव्हा तिने साहेबांना वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला नेलं. तिथे एक ओळ होती — सरळ, एकसारखी, हिरव्यागार देठांची. "ही गेल्या वर्षी मी पिशव्या बांधून राखलेल्या झाडांची, साहेब. पराग हाताने घातला होता. हीच माती, ह्याच गार रात्री." पिशव्या बांधणार नाही म्हणाली होती ती हीच! साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला ती जीव जाईपर्यंत आवडणार नाही. आणि मला लाज वाटते आहे — तिच्यापुढे हरल्याची नाही, निबंधाला चुकीचं म्हटल्याची. खरं होतं त्यात लिहिलेलं. एवढं एकच खरं होतं.

१७ जून

जागा तिला मिळाली. माझं टेबल आवरायला साखरबाई मदतीला आली. एकेक वस्तू पुसून खोक्यात ठेवत होती. जाताना दारात थांबली.

"ताई, खिंडीतलं रोप फार नाजूक असतं हो. ऑगस्टभर तुमच्या कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं लागलं मला."