तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

घरून, वादळाच्या तोंडावर

तीर्थस्वरूप व्हर्लिनदादास,

धाकट्या ऑरिनचा थंडीने काकडलेला नमस्कार. तुझा गुडघा आणि लव्हॉनवहिनींचा दमा ॲरिझोनाच्या उन्हात बरे असतील अशी आशा आहे. (तू तिकडे जानेवारीत अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून झाडावरची संत्री तोडतोस, असं वहिनींनी कळवलं. वाचून आनंद झाला. तुझ्या भावजयीने, आर्लिसने, ते पत्र चुलीत घातलं.) तुझ्या इकडच्या घरातले नळ गोठलेले नाहीत आणि शेडमधलं तुझं बर्फ उडवायचं मशीन ताडपत्रीखाली सुखरूप आहे. इकडे सगळं ठीक आहे, फक्त मला फार भीती वाटते आहे.

भीतीचं कारण ब्रिटा. पोरगी बाळंतपणाला आलीय, दिवस भरलेत, आणि जावई तिकडे डकोटात तेलाच्या विहिरींवर अडकलाय. रेडिओवाला बर्फाचं मोठं वादळ येणार म्हणतो. आपल्या दारापासून सडकेपर्यंतची वाट तुला माहीतच आहे. (आजोबांनी घर इतकं आत बांधलं, कारण त्यांना माणसांचा कंटाळा होता.) ती वाट मोकळी ठेवायला माझ्याकडे एकच मशीन आहे, आणि ते सुरू होत नाही.

इंजिन एवढंसं, पण मला पहिल्यापासून त्याची धास्ती. दोरी ओढताना वाटतं, ही आता हिसका देऊन खांदा घेऊन जाणार. तरी ओढ ओढ ओढली. ते साधं खोकलंसुद्धा नाही. दुकानात न्यायचं म्हटलं, तर चर्चच्या तळघरात कॉफीला बसणारी मंडळी मला उन्हाळ्यापर्यंत सोडणार नाहीत. घरचं इंजिन परक्याच्या हातून दुरुस्त करून घेणारा माणूस आपल्यात अजून झालेला नाही, तो पहिला मी व्हायला नको. म्हणून मशीन स्वयंपाकघरात आणलं. (गॅरेजमध्ये थंडीने पाना बोटांना चिकटतो.) आर्लिसने फक्त चूल विझवली आणि अंगात कोट चढवला. प्लग काढला, तर तो कोरडा ठणठणीत. ठिणगी येते का पाहायला आर्लिसने दोरी ओढली आणि मी प्लग धरला. ठिणगी येते. कोपरापर्यंत येते. मग कार्बोरेटर काढायला पेट्रोलची नळी सोडवली, तर जमिनीवर एक थेंब सांडला नाही. इतकं स्वच्छ काम झालं, मला माझंच कौतुक वाटलं. तारेने त्याची भोकं साफ केली, सगळं परत जोडलं, आणि एक स्प्रिंग उरली. दादा, उरलेली स्प्रिंग माणसाला जेवू देत नाही. निम्मं इंजिन पुन्हा उघडून तिची जागा शोधली. शेवटी ती ब्रिटाच्या पेनातली निघाली. मशीन मात्र गप्प ते गप्पच.

त्यात शेजारचा गेलन कॉफीला आला. खिशात हात घालून मशीनभोवती फिरला, नळीकडे बराच वेळ पाहत उभा राहिला आणि "हं" म्हणाला. (न विचारता दुसऱ्याच्या इंजिनाबद्दल बोलायला तो काय शहरातला आहे?) मग म्हणाला, "ट्रॅक्टर घेऊन येऊ का? पुढे बर्फ सारायचा फाळ लावलेलाच आहे."

मी म्हटलं, "छे, तुला कशाला त्रास."

कॉफी संपता संपता तो पुन्हा म्हणाला, "त्रास कसला, जाता जाता होईल."

मी म्हटलं, "नको रे, होईल माझं."

आता रीतीप्रमाणे तो तिसऱ्यांदा विचारणार आणि मी आढेवेढे घेत हो म्हणणार. मी वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं. तेवढ्यात बाहेर त्याचं कुत्रं भुंकायला लागलं, गेलनने टोपी चढवली आणि निघून गेला. दोनदाच विचारून. आर्लिस आणि ब्रिटा नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

तेव्हापासून बर्फ पडतोय. आधी सडक दिसेनाशी झाली, मग कुंपण. फोनची तारही तुटलीय. ब्रिटा कंबर धरून फेऱ्या मारते आणि मी पाहिलं की हसते. ते हसणं मला बघवत नाही. आपणहून जाऊन मागावं, तर आपल्या घरात आजवर कोणी कोणाकडे काही मागितलेलं नाही. दादा, मी घाबरलोय.

वहिनींना नमस्कार. संत्र्यांना काय ते तुझं तू सांग.

तुझा,
ऑरिन

ता. क. खरं काम लिहायचंच राहिलं. तोवर तारा जोडल्या गेल्या असतील, तर हे पत्र मिळताच तिकडून गेलनला फोन कर आणि बोलता बोलता, माझं नाव न घेता, त्याला तिसऱ्यांदा विचारायला लाव.

ता. क. पत्रपेटी सडकेवर आहे आणि सडकेपर्यंत जाता येत नाही, हे पाकीट चिकटवल्यावर लक्षात आलं. म्हणून पाकीट फोडून पुढचं लिहितोय. तेवढ्यात ब्रिटाला कळा सुरू झाल्या. मी कोट चढवला आणि गेलनकडे जाऊन सरळ मागायचं ठरवलं. कमरेइतक्या बर्फातून जेमतेम गोठ्यापर्यंत पोचलो, तर समोरून गेलनचा ट्रॅक्टर. दोनदाच विचारून आलास म्हणून बायकोने त्याला जेवणावरून उठवून पाठवलं होतं. तो म्हणाला, "म्हटलं, एकदा विचारून बघावं." आणि दादा, माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "नको रे, कशाला उगाच." गेलनने मान हलवली आणि ट्रॅक्टर वळवायला घेतला. मला हाक मारायची होती, पण तोंडच उघडेना. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. तेवढ्यात मागून, दारात उभी राहून, ब्रिटा ओरडली, "हो! बाबा हो म्हणतायत, गेलनकाका, या लवकर!" आपल्या भागात इतक्या मोठ्यांदा हो अजून कोणी म्हटलं नसेल. गेलन पुढे वाट काढत गेला आणि त्याच्यामागून आमची गाडी दवाखान्यात पोचली.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मी रडत होतो तेव्हा गेलन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चांगला माणूस आहे.

ता. क. दवाखान्यात कॉफी पिताना गेलन म्हणाला की, माझ्या मशीनचा पेट्रोलचा कॉक बंद आहे. (काम झालं की बंद करत जा, हे तूच शिकवलंस.) त्याला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मग बोलला का नाहीस, तर म्हणे तू विचारलं नाहीस.

ता. क. तुझ्या मशीनबद्दल वर लिहिलंय ते ताडपत्रीपुरतं खरं आहे. त्याचा कार्बोरेटर मी माझ्या मशीनला लावून पाहिला होता, आणि काढताना तो फरशीवर पडून दुभंगला. तिकडे मिळाला तर येताना एक घेऊन ये. आणि मला माफ करशील ना? लगेच हो म्हणू नकोस, मी अजून दोनदा विचारीन.