दाखला छापताना निळ्या पडणाऱ्या संगणकाबाबत

दिनांक : १७ ऑक्टोबर २००३

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
शालेय संगणकीकरण प्रकल्प,
जालना.

विषय : प्रिंटरच्या ड्रायव्हरअभावी शाळेचा संगणक बंद पडल्याने हाताने लिहिलेल्या दाखल्यावर आजच्या आज प्रतिस्वाक्षरी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले जून महिन्याचे परिपत्रक, कलम ४ व ७.
२) आमची दूरध्वनीवरील तक्रार, एकूण नऊ वेळा.

महोदय,

हा अर्ज मी हाताने लिहीत आहे, याची आधीच माफी मागतो. आपल्या परिपत्रकातील कलम ४ प्रमाणे संगणकाच्या बिघाडाची तक्रार त्याच संगणकावर छापून पाठवणे बंधनकारक आहे, हे मला ठाऊक आहे. ते कलम मी तीनदा वाचले, मुख्याध्यापकांनी दोनदा वाचले, आणि आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो.

१. मी गोदाकाठ माध्यमिक विद्यालय, सावरगव्हाण, ता. घनसावंगी येथे वरिष्ठ लिपिक असून चोवीस वर्षे शाळा सोडल्याचे दाखले माझ्या हाताने लिहीत आलो आहे. माझ्या अक्षराबद्दल आजवर कोणाची तक्रार नाही. संगणक आला तेव्हा त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती, एवढ्याच पात्रतेवर मला संगणक प्रभारी नेमण्यात आले. जूनपासून हस्तलिखित दाखले बंद झाले. माझी दाखल्यांची वही कपाटात सीलबंद झाली व सीलही मलाच लावावे लागले.

२. आता मूळ मुद्दा. आमची विद्यार्थिनी कु. बेबीनंदा साहेबराव खरात ही यंदा दहावीला एकाहत्तर टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. तिच्या वस्तीतून पहिल्या झटक्यात दहावी पास होणारी ती पहिली मुलगी. तिला परिचारिका प्रशिक्षणासाठी जालन्यात जागा मिळाली आहे. मात्र मूळ दाखला आज, दिनांक १७ रोजी सायंकाळी पाचपर्यंत जमा न केल्यास ती जागा प्रतीक्षायादीतील पुढच्या मुलीला जाईल. तिची आई मालनबाई हिने दाखल्याची मागणी २२ सप्टेंबरलाच केली होती. म्हणजे उशीर त्यांचा नाही. उशीर आमचा आहे, आणि आमच्या टेबलावर बसलेल्या त्या यंत्राचा आहे.

३. बिघाडाची हकीकत अशी की, ऑगस्टमध्ये आपल्या पुरवठादाराचा माणूस जुना प्रिंटर घेऊन गेला व नवा बसवून गेला. त्याने एक नमुना कागद छापून दाखवला, टाळ्या झाल्या, चहा झाला. पुढे महिनाभर काही छापायची वेळ आली नाही. २२ सप्टेंबरला मी बेबीनंदाचा दाखला भरून छापायचा हुकूम दिला, तोच पडदा निळा झाला. धुण्याला नीळ जास्त पडल्यावर पाणी होते तसा. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटली. मुख्याध्यापकांना प्रथम ती शासनाची सूचना वाटल्याने ते उभे राहिले.

४. पुन्हा सुरू केला, पुन्हा छापले, पुन्हा निळा. असे अकरा वेळा झाले. प्रत्येक वेळचा इंग्रजी मजकूर मी वहीत उतरवून घेतला आहे. दरम्यान गावात अशी बोलवा उठली की मुलीच्या नावालाच दोष आहे. आमच्याकडे पाणी भरणाऱ्या गोजरबाई मालनबाईसमक्ष म्हणाल्या, "यंत्राला बी कळतंय बाई, कुणाचा कागुद काढावा अन् कुणाचा न्हाई." महोदय, ते ऐकून माझे डोके फिरले. मी तिथल्या तिथे स्वतःच्या नावाचा दाखला भरला व छापायचा हुकूम दिला. संगणक निळा पडला. मुख्याध्यापकांच्या नावाचा भरला. निळा पडला. गोजरबाईंच्या नावाचाही भरला, तेव्हा त्या बादली घेऊन निघून गेल्या. सबब दोष कोणाच्याही नावात नाही, हे प्रयोगाने सिद्ध झाले असून तसा शेरा मी वहीत मारला आहे.

५. दूरध्वनीवर आठवडाभर 'साहेब बाहेर गेले आहेत' हे ऐकल्यानंतर ६ ऑक्टोबरला पुरवठादाराचे तंत्रज्ञ दूरध्वनीवरच सापडले. त्यांच्या सांगण्यावरून मला समजले ते असे : संगणक व प्रिंटर एकमेकांशी थेट बोलत नाहीत. दोघांच्या मध्ये ड्रायव्हर नावाची एक छोटी आज्ञावली असते व तीच निरोप नेते-आणते. सोयरीक जमवणारा मध्यस्थ असतो, तशी. आमच्याकडे जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर न काढताच नव्याचा घातला गेला होता. दोन मध्यस्थ एकाच घरी बोलणी करू लागले व घर मोडले. उपाय सोपा होता : संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरताच, चालू करावा, दोन्ही ड्रायव्हर काढून टाकावेत आणि प्रिंटरबरोबर आलेल्या सीडीवरून नवा ड्रायव्हर नीट घालावा.

६. सेफ मोडमध्ये संगणक चालू झाला. चित्रे मोठी, रंग फिके, चारी कोपऱ्यांत इंग्रजी पाटी. आमचे शिपाई कचरू हे तीस वर्षे सेवेत आहेत, ते म्हणाले, "सर, पथ्यावर ठिवल्यावानी दिसून राह्यलंय हे." दोन्ही ड्रायव्हर काढले. तोपर्यंत सर्व बराबर होते. मग सीडी आणायला सांगितली, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

७. यापुढील परिच्छेद मी कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दोनच दिवस आधी खंडेनवमी होती. आमच्या शाळेत त्या दिवशी घंटा, प्रयोगशाळेतील तराजू, फावडी, शिलाई यंत्र अशा सर्व हत्यारांची पूजा होते. यंदा संगणक आजारी असल्याने त्याची पूजा जरा जोरात करावी असे सर्वानुमते ठरले. प्रिंटरची सीडी हे त्याचे मुख्य हत्यार, असे मीच सभेत मांडले. सीडीची एक बाजू अक्षरांची व एक आरशासारखी स्वच्छ. देवाच्या कामाला स्वच्छ बाजू घ्यावी म्हणून त्या बाजूवर मी ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढले, हळद वाहिली, अक्षता चिकटवल्या. मध्ये आयतेच भोक असल्याने कचरू यांनी त्यातून लाल नाडा ओवून ती संगणकाच्या कपाळावर बांधली. दिसायला फार सुरेख दिसत होती, हे मला नमूद करावेच लागेल.

८. ६ तारखेला ती सीडी संगणकात घातली असता आतून जात्यासारखा आवाज आला व ती बाहेर आली. कुंकू वाळून बसले होते. शिवणाच्या शिक्षिका कौसल्याबाई म्हणाल्या की पूजेची भांडी निघतात तशी ही पण निघेल, आणि त्यांनी ती चिंच व मीठ लावून घासली. डाग राहिला म्हणून कचरू यांनी राखेने घासली. आता ती लख्ख आहे. तिच्यात तोंड मात्र दिसत नाही आणि संगणकालाही काही दिसत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. या प्रकारात पुरवठादाराचा दोष पहिल्या भागापुरता व माझा दुसऱ्या भागापुरता आहे. माझा भाग मला मान्य आहे.

९. तंत्रज्ञांना हे सर्व सांगितले. ते म्हणाले की ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्या. सबब ११ तारखेला मी जालन्यास येऊन इंटरनेटच्या दुकानात तो उतरवला. तो एका फ्लॉपीत मावेना. आठ फ्लॉप्या लागल्या. घनसावंगीपर्यंत मी त्या मांडीवर ठेवून आणल्या. पुढे जीपमध्ये मी सतरावा प्रवासी असल्याने पिशवी शेजारी टेकवली, आणि कुंभार पिंपळगावच्या फाट्यावर चढलेले एक भारदस्त गृहस्थ माझे ओरडणे ऐकू येण्याआधीच तिच्यावर बसले. सातवी फ्लॉपी चेपली. तरीही ती घातली. संगणकाने साडेसहा फ्लॉप्यांएवढा ड्रायव्हर पोटात घेतला व तिथेच थांबला. पूर्वी तो छापताना निळा पडत असे. त्या दिवसापासून तो चालू करतानाच निळा पडतो. त्यानंतर तंत्रज्ञांना पाच वेळा दूरध्वनी केला. ते 'येतो' म्हणतात. मी त्यांना खोटे म्हणत नाही, फक्त ते आलेले नाहीत.

१०. काल मालनबाई मजुरी बुडवून सातव्यांदा शाळेत आल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या संगणकापुढे हात जोडून उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "बाबा, येक कागुद दे. मंग जल्मभर निळा राह्य, मी बिलकुल काही म्हणणार न्हाई." बेबीनंदा दाराशी उभी होती. तिने आईचा हात धरून खाली घेतला आणि मला म्हणाली, "सर, ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली पाहू." महोदय, पुढच्या साली काय होते ते मी चोवीस वर्षे दाखल्याच्या वहीत लिहीत आलो आहे. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मुलींच्या नावापुढे मी जेवढ्या वेळा 'लग्न' लिहिले, तेवढ्या वेळा दुसरे काहीही लिहिलेले नाही. मला लाज वाटली. यंत्राची नाही, माझी.

११. मी कपाटाचे सील तोडले. वही काढली, टाक धुतला, आणि बेबीनंदाचा दाखला हाताने लिहिला. कारणाच्या रकान्यात 'परिचारिका प्रशिक्षणासाठी' असे लिहिले. एकही खाडाखोड नाही. मुख्याध्यापकांनी सही-शिक्का दिला आहे. हा नियमभंग आहे; तो मी जाणूनबुजून केला असून त्यात मला आनंद झाला, हेही लपवत नाही.

१२. आपल्या परिपत्रकातील कलम ७ नुसार संगणक नादुरुस्त असल्यास हस्तलिखित दाखला आपल्या प्रतिस्वाक्षरीने ग्राह्य धरता येतो. त्यासाठी बिघाडाचा छापील अहवाल जोडण्याची अट आहे. तो अहवाल छापता आला असता, तर दाखलाही छापता आला असता. ही अट एका वेळेपुरती शिथिल करावी, इतकीच प्रार्थना आहे. सीडीची भरपाई, सील तोडल्याबद्दलचा खुलासा, खंडेनवमीबाबतची विभागीय चौकशी, जे काही असेल ते माझ्या नावे काढावे. मी हजर राहीन. पण ते सोमवारी काढावे. आज फक्त सही द्यावी.

हा अर्ज टपालाने पाठवला असता तर आपल्याला दिवाळीनंतर मिळाला असता. म्हणून तो हाती पाठवला आहे.

आपला नम्र, आणि या एका बाबतीत हट्टी,

(सही)
रामकिसन कारभारी मिसाळ
वरिष्ठ लिपिक तथा संगणक प्रभारी,
गोदाकाठ माध्यमिक विद्यालय, सावरगव्हाण

सोबत :

१) हस्तलिखित दाखला, मूळ प्रत. प्रतिस्वाक्षरीची जागा पेन्सिलने दाखवली आहे.
२) निळ्या पडद्याच्या अकरा नोंदींची वही.
३) प्रशिक्षण संस्थेचे पत्र. अंतिम वेळ : आज सायंकाळी पाच.
४) कु. बेबीनंदा साहेबराव खरात, स्वतः. आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसली आहे. पहाटेच्या पहिल्या गाडीने निघाली असून जालन्यात प्रथमच एकटी आली आहे. बोलावल्याशिवाय आत येणार नाही. कृपया बोलवावे.