दुबेचा माफीनामा

मंगळवार, संध्याकाळ

"मॅडम, कल तक तो चल रहा था." लॅब अटेंडंट दुबेनं आज हे दहा वेळा ऐकवलं. चालत होतं, माहीत आहे मला! पण कॉलेजच्या कम्प्युटरांची सिस्टीम इतकी जुनी की मुलांचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात तो कंपायलर नवा टाकायला गेलं, की सॉफ्टवेअर बसवणारा पॅकेज मॅनेजरच म्हणतो आधी मला अपडेट करा. अपडेट करावं, तर ज्या सर्व्हरवरून ते यायचं तो कधीचाच बंद. आणि उद्या मुलांचं प्रॅक्टिकल.

हा दुबे मागे उभा राहून चहा पिऊन राहिला. काहून उभा आहेस विचारलं, तर पुन्हा तेच, "कल तक तो..." मी ओरडलेच त्याच्यावर, सगळ्यांसमोर.

नवा येईलच म्हणून सकाळी जुना कंपायलर मीच काढला होता. सगळ्या मशिनींवरून, एकदम. मशीननं विचारलं, नक्की काढायचा? न वाचताच हो म्हटलं. तेव्हाही दुबे मागेच उभा होता.

चार वाजता विभागप्रमुख आले. "जुनावाला किसने हटाया?"

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं? दुबे म्हणाला, "सर, सफाई करते वक्त मुझसे कुछ दब गया होगा."

कोणी सांगितलं होतं याला? नकोय मला त्याची मेहरबानी. राग येऊन राहिला नुसता.

प्रॅक्टिकल पुढं ढकललं. सरांनी दुबेकडून माफीनामा लिहून मागितला. देण्याआधी तो कागद घेऊन माझ्याकडेच आला. "मॅडम, ज़रा देख लीजिए, ठीक लिखा है?"

मी पूर्ण वाचला. म्हटलं, "हाँ, ठीक है."